काकाच्या स्लॅबवरचे कावळे

त्या शनिवारी बाबानं पाच महिन्यांनंतर अंबाजीकाकाच्या जिन्यावर पाय ठेवला. त्याच्या डोक्यावर कंपनीचं खोकं होतं. मागे केबलचं वेटोळं खांद्यावर घेऊन मी होते आणि माझ्या मागे कंपनीचा इंजिनीअर कुलदीप. हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी का बोलत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"अंबाजीला विचार," बाबा मला म्हणाला, "स्लॅबवर येऊ काय म्हणून."

काका तीन पायऱ्या वर उभा होता.

"दादाला सांग," काकाही मलाच म्हणाला, "जिना काय माझ्या एकट्याच्या बापाचा न्हाय."

"सर, दोघं इथंच आहेत ना?" कुलदीपनं मला हळूच विचारलं. तो घणसोलीचा. सगळ्या म्हाताऱ्यांना अंकल म्हणायचा आणि मला सर. मी ग्रंथालयात काम करते हे कळल्यापासून.

भांडण नारळाचं होतं. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ समुद्राला द्यायचा तो थोरल्या भावानं, होडीच्या तांडेलानं, म्हणजे बाबानं. बाबा डोक्यावरची टोपी सारखी करत होता. भरती उतरायला लागली होती. काकानं नारळ घेतला आणि टाकला पाण्यात. बाबाची टोपी सारखी झाली तेव्हा नारळ वीस हात लांब गेला होता. एवढंच. पण त्यानंतर आडखोलात कुणी दोघांना एका चटईवर बसलेलं पाहिलं नाही.

खरं म्हणजे डिश आमच्या घरावर बसायची होती. आडखोलाच्या तिन्ही बाजूंना डोंगर आणि चौथीकडे समुद्र. मोबाइलची रेंज येते ती फक्त वरच्या धारेवर, एका काळ्या कातळापाशी. त्याला सगळे फोनचा धोंडा म्हणतात. कंपनी अशा गावांना थेट उपग्रहावरून इंटरनेट देते असं बाबानं दिघीच्या जेट्टीवर ऐकलं आणि दोन वर्षं अर्ज केले. अर्ज तो तोंडी सांगे आणि मी लिहीत असे. "लिव," तो सांगे, "माझ्या पोरीचा आवाज तुटतो." मी लिहीत असे, 'दळणवळणाची गैरसोय होते.'

सकाळी कुलदीपनं आमच्या कौलांवर चढून मोबाइल आकाशाकडे धरला होता आणि गोल फिरला होता.

"अंकल, इथं नाही होणार. तो माड आडवा येतोय. स्काय पूर्ण क्लिअर पाहिजे. माड कापला तर होईल."

"माड कापला तर नेट यील," बाबा म्हणाला, "पन होड्या यायच्या न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजे खाडीच्या तोंडाशी खडक हाय. माड आनि देवळाचा कळस एका रेषेत धरला की होडी आत. रेष सुटली की होडी खडकावर. माड कापू नि तुझा उपग्रह लावू तिथं?"

"जीपीएस आहे ना अंकल."

"जीपीएसला भरती-ओहोटी कळतंय काय?"

कुलदीपनं मोबाइल खिशात घातला. गावात दुसरं मोकळं आकाश एकच होतं, काकाच्या स्लॅबवर. म्हणून बाबानं खोकं डोक्यावर घेतलं आणि तीनशे पावलं चालत काकाच्या अंगणात आला. टोपी त्यानं आधीच खिशात ठेवली होती.

खोक्यातून डिश निघाली तेव्हा सगळ्यांची निराशा झाली. गोल नाही, खोलगट नाही. पांढरी, चौकोनी, चपटी.

"ही डिश?" काकाची बायको मनुकाकी म्हणाली. "ही तर पापलेट भाजायची थाळी."

पाऊण तासात थाळी लोखंडी नळीवर उभी राहिली. कुलदीपनं मोबाइल हातात घेऊन विचारलं, "अंकल, नेटवर्कला नाव काय द्यायचं?"

काका घसा खाकरून पुढे आला. स्लॅब त्याचा, वीज त्याची.

"सुचिता," बाबा म्हणाला.

काका पाऊल मागे घेऊन समुद्राकडे बघत राहिला. माझं नाव ऐकून मी गुंडाळत आणलेली केबल पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"सायब," बाबानं कुलदीपला विचारलं, "आता पोरीचा आवाज तुटनार न्हाय ना? धोंड्यावर लय तुटतो. मी बोलाय लागलो की चार मिंटात हिचा फोन तुटतो. धा वर्सं झाली."

"काचेसारखा क्लिअर येईल, अंकल. समोर बसल्यासारखा."

मी उरलेली केबल खोक्यात भरू लागले.

दर रविवारी पाचच्या सुमारास बाबा धोंड्यावर चढून मला फोन करीत असे. आधी भरतीची वेळ, मग वारा, मग कुणाच्या जाळ्यात काय लागलं, आणि सगळ्यात शेवटी, "जेवलीस काय?" पहिल्या वर्षी एकदा आवाज खरंच तुटला. मी म्हटलं, "बाबा, आवाज तुटतोय," आणि फोन बंद झाला. त्याला वाईट वाटलं नाही. तो डोंगरावर रागावला. पुढच्या रविवारी माझं बोट एका पुस्तकाच्या पानांत तसंच होतं, भरती साडेपाचला होती, आणि मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मग ते वाक्य मला फार उपयोगी पडलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं काकाच्या स्लॅबवर चहा प्यायलो. भाऊ अजून माझ्यामार्फतच बोलत होते, पण बशा एकाच ट्रेमध्ये होत्या. रविवारी सकाळच्या फेरीबोटीनं मी आगरदांड्याला उतरले आणि पनवेलला गेले. वाटभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होते, की आता नवीन वाक्य शोधावं लागणार.

पाच वाजायच्या आधी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काकाच्या स्लॅबवर खुर्ची टाकून बसला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याला फोनवर, व्हिडिओत दिसणार होते.

पाच वाजून गेल्यावर माझ्या मोबाइलवर 'बाबा' अशी अक्षरं उमटली. एकदा मी तो वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला. काका बोलत होता.

आवाज काचेसारखा होता.

*

बाबाच्या दुखवट्याला आली तितकी माणसं आडखोलात कुणाच्याच दुखवट्याला आली नव्हती.

माणसं आधी आमच्याकडे येत, आईसमोर पाच मिनिटं बसत, "माणूस हिऱ्यासारखा," म्हणत. मग, "अंबाजीकडं पन जाऊन येतो," म्हणून उठत. तिकडे दोन-दोन तास बसत. मागल्या पिढीच्या भांडणामुळे जी माणसं काकाच्या अंगणात पाय ठेवत नसत तीही आली. वर्षभर दिसली नव्हती अशी मुलं आली. सगळ्यांच्या माना खाली.

मनुकाकी पहिले दोन दिवस भारावून गेली होती. "वयनी," ती आईला म्हणाली, "भावजींवर लोकांचा किती जीव व्हता! मान वर करीत न्हाईत हो मानसं."

तिसऱ्या दिवशी ती चहा घेऊन एकाच्या मागून गेली आणि त्याच्या मांडीवर क्रिकेटची मॅच चाललेली तिला दिसली.

त्याच दिवशी दुपारी गावातली वीज गेली. आई दोन घरांमधलं अंगण ओलांडत होती. काकाच्या ओटीवरून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "सुचिता गेली!"

आईच्या हातातली कळशी पडली. मी मागून धावत जाऊन तिला धरलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मग ओटीवरच्या लोकांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुतकात असं बोलू नये. पण तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाला रंग आला, हेही खरं.

अंबाजीकाका मात्र खाली लोकांत बसत नव्हता. तो वर स्लॅबवर, बाबाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राही. बाबा त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता; तीत तो बसत नसे आणि ती कुणाला हलवूही देत नसे. काय झालं होतं ते त्यानं मला आठव्या दिवशी सांगितलं, तेही डिशकडे तोंड करून.

"दादानं मला इचारलं व्हतं," काका म्हणाला.

"काय?"

"'अंबाजी, पाच वाजलं काय रं?' म्हनून. माझ्याशी बोलला, सरळ माझ्याशी. मधी कुनी न्हवतं. पाच महिन्यांत पैल्यांदा."

"मग?"

"मी म्हनालो, खाली भितीवर घड्याळ हाय."

खाली अंगणात कुणीतरी मोबाइलवर हसलं. काका उठला, स्लॅबच्या कडेला गेला आणि ओरडला, "दुखवट्याला आलाय काय तमाशाला?" मग परत येऊन बसला. "पाचाला धा कमी व्हती," तो म्हणाला. "माझ्या मनगटावर घड्याळ व्हतं, सुचे."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याजवळही तसलंच काहीतरी आहे, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चहा आणू का?"

*

दहाव्याची जागा ठरवताना घरात दोन पक्ष पडले, आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोनदा बदलले.

माझा धाकटा भाऊ प्रीतम जहाजावर नोकरीला आहे. तेव्हा त्याचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होतं, आणखी आठ दिवस किनारा नव्हता. अग्नी काकानंच दिला होता आणि पिंडही तोच देणार होता. पण प्रीतमनं जहाजाच्या कप्तानाकडून अर्धा तास मागून घेतला. त्याला व्हिडिओवर सगळं पाहायचं होतं.

"म्हंजे पिंड आमच्या घरामागं, स्लॅबखालच्या वाळूत," काका म्हणाला. "तिथंच सुचिता पोचते."

"मी कुठंही पोचते," मी म्हटलं.

"तू न्हाय गो. ती."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. "पिंड माडाखाली व्हनार," ती म्हणाली. "चाळीस वर्सं मानूस तो माड धरून घरी आला. मेल्यावर त्याला काय वायफायच्या मागं पळवताव?"

"बरोबर हाय वयनीचं," मनुकाकी लगेच म्हणाली. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध जायची संधी ती सहसा सोडत नाही. "आनि आमच्या मागं किती घान. जाळी, टोपल्या..."

"अगो, तुझ्याच टोपल्या त्या!"

"म्हनून तर सांगते."

दोन विरुद्ध एक. मी कुठल्या बाजूला हे कुणी विचारलं नाही. लहानपणापासून मी निरोप पोचवणारी. मला पक्ष नसतो असं सगळे धरून चालतात.

दुपारी प्रीतमचा फोन लागला. आईला आम्ही स्लॅबवर नेलं. पडद्यावर त्याचा चेहरा आला. दाढी वाढलेली, मागे पांढरी लोखंडी भिंत.

"आये, मला बाबाचं तोंड बघायला मिळालं न्हाय," तो म्हणाला. "निदान पिंड तरी बघू दे."

आईनं पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या क्षणी बाजू बदलली. "अंबाजीच्याच मागं," ती म्हणाली.

तेवढ्यात मनुकाकी बिथरली. दोघी जावा एका बाजूला असताना आई एकटी पलीकडे गेली हे तिला आवडलं नाही. "आनि कावळा न्हाय शिवला म्हंजे?" ती म्हणाली. "माडावर त्याचं घरटं हाय. इथं कोन येतंय?"

आईचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत तिला तीच एक काळजी होती. बाबाची इच्छा अपुरी राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवणार नाही, आणि बाबाची कुठली तरी इच्छा राहिलीय हे तिला आतून ठाऊक होतं. पांढरा शर्ट घालून बसलेला माणूस इच्छा घेऊनच बसलेला असतो. "तुझा बाबा जित्तेपनी कुनाचं ऐकला न्हाय," ती मला रात्रंदिवस सांगायची, "कावळा होऊन काय ऐकनार?"

"कोन येतंय म्हंजे?" काका वर बोट करून म्हणाला. "बघ की!"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. डिशच्या नळीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत मनुकाकीनं दोरी बांधली होती आणि दोरीवर बोंबील वाळत होते. तिला दोन वर्षांपासून तिथं एक खांब हवा होता. कंपनीनं आणून दिला. दोरीखाली, टाकीवर, कठड्यावर, जिकडे बघावं तिकडे कावळे. अख्ख्या आडखोलाचे कावळे.

"बघा वयनी," काकी स्वतःच विरघळली, "एवढ्यातला एक तरी यील."

जागा एकमतानं ठरली. चार पिढ्या मासळी वाळवणाऱ्या घरात एकाच्याही मनात आलं नाही की हे कावळे तिथं का बसलेत.

*

दहाव्याला सकाळी साडेनऊला कुलदीप आला. त्याला बोलावलं नव्हतं.

"सर, ऑफिसनं पाठवलं," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "सगळ्या साइट्समध्ये आडखोलचा वापर हायेस्ट आहे. साहेब विचारतायत की गावात असं काय चाललंय."

"सुतक," मी म्हटलं.

त्यानं खाली वाळूकडे पाहिलं, भटजींकडे पाहिलं, आणि मग स्लॅबवरच्या रिकाम्या खुर्चीकडे. बाबा गेल्याचं त्याला तेव्हा कळलं. तो बूट काढून उभा राहिला.

भटजी हरिहरेश्वराहून आले होते आणि त्यांना बाराला दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी वाळूत जागा आखली. मोबाइल माझ्या हातात. प्रीतमचा चेहरा आला आणि गेला.

"भटजी, चार पावलं अलीकडं घ्या," काका म्हणाला.

भटजींनी चार पावलं अलीकडे आखलं.

"अजून दोन."

"अहो, पिंड समुद्राकडे न्यायचा असतो, समुद्र सोडून नाही."

"पोरगा समुद्रातच हाय," आई म्हणाली. "त्याला दिसंल असं करा."

शेवटी पिंड जवळजवळ काकाच्या मागच्या दारात आला. प्रीतम स्वच्छ दिसू लागला. त्यानं जहाजावर आंघोळ करून पंचा नेसला होता आणि त्याच्या मागे दोन फिलिपिनो खलाशी हात जोडून उभे होते.

काकानं विधी नीट केला. केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला आणि आम्ही सगळे दहा पावलं मागे आलो.

कावळे स्लॅबवरच बसून राहिले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक कावळा कठड्यावरून खाली डोकावला, पिंडाकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, आणि मागे वळून बोंबलाचं शेपूट तोडलं.

"जेवून बसलेत हे," भटजी म्हणाले.

आईनं मनुकाकीकडे पाहिलं. मनुकाकी आकाशाकडे पाहत होती.

"पिंडावर एक बोंबील ठिवला तर?" ती म्हणाली. "भावजींना आवडायचा."

"बाई!" भटजी म्हणाले.

"मग बोला कुनीतरी," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "त्याचं काय ऱ्हायलंय ते बोला. कबूल करा."

काका पुढे झाला आणि हात जोडले. "दादा, येत्या नारळी पुनवेला नारळ प्रीतमच्या हातनं. तो नसला तर सुचिताच्या. मी हात लावनार न्हाय." तो थांबला. कावळा आला नाही. मग तो इतक्या हळू बोलला की मी शेजारी नसते तर ऐकू आलं नसतं. "पाचाला धा कमी व्हती, दादा."

आईनं सांगितलं, "माडाला कुऱ्हाड लागायची न्हाय. मी हाय तवर." ह्यावर एक कावळा खाली उतरला. तो पिंडापर्यंत चालत गेला, पिंडाभोवती एक फेरी मारली, भटजींच्या पिशवीत पाहिलं आणि उडून गेला.

"अंकल," कुलदीप अचानक म्हणाला. त्याचे हात जोडलेले होते आणि कान लाल झाले होते. "तीन महिने रिचार्ज कंपनीकडून. म्हणजे, मी बोलून बघतो."

"बोलून बघतो न्हाय चालत," मनुकाकी म्हणाली. "देतो म्हन."

"देतो."

कावळ्यांना कंपनीचा भरवसा वाटला नाही.

"प्रीतम, तू बोल," आई म्हणाली. मी मोबाइल पिंडाकडे वळवला.

"बाबा," प्रीतम म्हणाला, "मी पुढच्या... आयेला मी... घरा..." आणि तो तोंड उघडं ठेवून तसाच थिजला. मागचे खलाशीही हात जोडून थिजले.

"आवाज तुटतोय!" काका म्हणाला. "प्रीतम! आवाज तुटतोय रं!"

"आवाज तुटतोय," मागे जमलेले चार-पाच जण म्हणाले.

दहा वर्षांत मी ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

कुलदीपनं वर पाहिलं. "डिशवर बसलाय," तो म्हणाला.

एक मोठा, मानेला राखाडी कावळा पांढऱ्या थाळीच्या बरोबर मधोमध बसला होता. थाळी आतून थोडी गरम असते असं कुलदीप म्हणाला. बाकीचे कावळे बोंबलांत गुंतले होते, पण हा बोंबलांकडे बघतही नव्हता. खाली आमच्याकडे बघत होता. त्याच्या पायाशी बाबाची खुर्ची होती.

मनुकाकीनं काठी उचलली. "ऊठ मेल्या तिथनं!"

"मेल्या नको म्हनू!" आईनं तिचा हात धरला. "तो असंल."

काठी तशीच वर राहिली.

"बसला व्हता तिथंच बसलाय," आई म्हणाली. ती कावळ्याकडे पाहत होती, पण आता तिचा आवाज कापत नव्हता. ती रोजच्या आवाजात बोलत होती, जशी बाबा जेवायला उशिरा आला की बोलायची. "फोनसाठी बसलाय. दुसऱ्या कशासाठी न्हाय." मग ती माझ्याकडे वळली. "सुचे, तुझ्याशी बोलायचं ऱ्हायलंय त्याचं. तू बोल."

सगळे माझ्याकडे बघत होते. काका, काकी, घड्याळाकडे बघायचं विसरलेले भटजी, कुलदीप, आणि उघड्या तोंडाचा प्रीतम. एरवी मी निरोप घेऊन जात असे, ह्याचा त्याला, त्याचा ह्याला. हा माझा होता आणि तो न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं.

"मोठ्यानं," आई म्हणाली. "तिथवर जायचं न्हाय."

मी दोन पावलं पुढे झाले. कावळ्यानं मान तिरकी केली. वाक्य तोंडात तयार नव्हतं. ते मला एकेक शब्द शोधत म्हणावं लागलं, सगळ्या आडखोलासमोर, आमच्या घरच्या बोलीत, जी मी पनवेलला कधी बोलत नाही.

"बाबा, आवाज एकदाच तुटला व्हता. पैल्या वर्सी, एकदाच. नंतर कवाच तुटला न्हाय. मला सगळं ऐकू यायचं. भरतीची वेळ पन ऐकू यायची, वारा पन. फोन तुटत न्हवता, बाबा. मी ठेवत व्हते."